रोट्यांच्या फडक्यात लपलेली पाटी

मी एक खोळ बोलतेय. माझा आवाज बारीक आहे, जरा कान देऊन ऐका. मोठ्यानं बोलायची मला सवयच नाही, कारण मी जन्मले तेच कुणाला दिसू नये म्हणून.

त्याआधी मी मोसुलमधल्या बदरिया खालाच्या घरातलं रोट्यांचं फडकं होते. पट्ट्यापट्ट्यांचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. तंदूरमधून निघालेल्या रोट्या माझ्या कुशीत यायच्या आणि पोरंबाळं त्या गरमागरम पळवायची. किती सुखाचे दिवस होते ते! भीती म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग काळ्या झेंड्यांची माणसं शहरात आली. खालाची भाची नवार सुईणपण शिकत होती, शेवटच्या वर्षाला होती. तिचं कॉलेज बंद पडलं. तिची सगळी पुस्तकं एका ई-रीडरमध्ये होती. खाला त्याला 'पाटी' म्हणायची आणि पिठाच्या डब्यात पुरून ठेवायची. अशी पाटी त्या लोकांना ज्या घरात सापडे, त्या घरातलं माणूस उचललं जाई आणि मग त्याचं नावही कुणी काढत नसे.

एके दिवशी नदीपलीकडून निरोप आला. खालाच्या लेकीला, हनानला, कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळ पायाळू होतं. तिकडचे डॉक्टर केव्हाच पळून गेले होते.

"पायाळू बाळ मी फक्त पुस्तकात पाहिलंय, खाला," नवार म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "पाटीशिवाय मी हनानला हात लावणार नाही."

"पूल ओलांडून नेणार कशी? डोक्यावर मिरवत?" खाला खेकसली. पण खेकसता खेकसताच तिनं सुईत दोरा ओवला होता.

तिनं माझी दुहेरी घडी घातली, मध्ये जुन्या रजईचा तुकडा भरला आणि उलट्या बाजूनं धावदोरा घातला. घाईत सुई दोनदा तिच्याच बोटात घुसली. मग मला सुलटं केलं. कोपऱ्यांत तिनं कापूस ठासून ते गोलसर केले. रोटीला कुठं कोपरे असतात?

"टिचबटण लाव ना, पटकन उघडेल," नवार म्हणाली.

"आणि टिच् वाजलं म्हणजे? सुईण व्हायला निघाली, अक्कल बघा पोरीची! दोरीच बरी."

पाटी माझ्या पोटात गेली. खाली चार रोट्या, वर चार रोट्या, आणि भोवती दुसरं फडकं. झालं शिदोरीचं गाठोडं. खालानं ते छातीशी धरलं आणि नवारच्या हाती देताना म्हणाली, "माझी लेक तुझ्या पदरात घातली गं."

इद्रिस खालूंनी, म्हणजे खालाच्या नवऱ्यानं, गाडी काढली. पुरुषमाणूस बरोबर असल्याशिवाय आणि हातमोज्यांत हात झाकल्याशिवाय बाईनं बाहेर पडायचं नाही, असा त्या लोकांचा हुकूम होता. खरं तर नवारनं गाठोडं सोडायलाच नको होतं, पण भीतीनं तिला शिकलेलं काही आठवेना. मागच्या सीटवर तिनं पाटी काढली. हातमोज्यातल्या बोटानं पान उलटेना, म्हणून उजवा हातमोजा काढून ती अधाशासारखी वाचू लागली.

"पोरी, नाका!" खालू ओरडले.

मला कसंबसं बांधलं गेलं. पण हातमोजा राहिला.

बंदूकवाल्यानं दोघांना खाली उतरवलं. तरुण होता, दाढी विरळ होती, बोली आमच्याच शहराची.

"हाजी, तुमच्या मुलीचा हात उघडा का?"

"भाची आहे. घाल गं, घाल लवकर."

नवारनं घाईघाईनं खिशातला हातमोजा काढला आणि दोन्ही हात मोकळे करायला गाठोडं जमिनीवर ठेवलं. जमिनीवर! आमच्याकडे रोटीचा तुकडा वाटेत पडलेला दिसला, तरी माणूस तो उचलून, चुंबून उंचावर ठेवतो. आख्खं गाठोडं धुळीत कोण ठेवेल? ज्याचं लक्ष आतल्या रोटीवर नसून दुसऱ्याच कशावर आहे, असा माणूसच ठेवेल. खालूंचा चेहरा मेणासारखा झाला.

बंदूकवाला वाकला. त्यानं मला उचललं, धूळ झटकली, ओठांना लावलं, कपाळाला लावलं. आईनं लहानपणी लावलेली सवय ती, हात आपोआप गेला असावा. आणि तिथेच तो थबकला. त्याचा अंगठा माझ्यावर दाबला गेला होता. रोट्या दबल्या, मी दबले नाही.

खालूंचा श्वास मला ऐकू येत होता.

"रोटी फार शिळी आहे, हाजी," तो म्हणाला.

"काय करणार, बाबा. पीठ मिळत नाही."

त्यानं मला नवारच्या हातात नाही, खालूंच्या हातात दिलं. "पुन्हा खाली ठेवू देऊ नका. पुढच्या नाक्यावरचा माणूस इथला नाही."

त्याला सगळं कळलं होतं, असं मी अजून मानते. पण बंदूक त्याच्याच खांद्यावर होती. त्याचे आभार मानावेत की त्याला भ्यावं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पुढचा नाका खालूंनी मला डोक्याशी धरून पार केला. हनानच्या उशाशी पाटी उघडली गेली. नवारचे हात गुंतलेले, म्हणून शेजारीण पानं उलटत होती आणि नवार ओरडत होती, "मागचं! मागचं पान!" आधी पाय आले, मग अंग, आणि किती तरी वेळानं डोकं. पोरगी रडली तेव्हा सगळ्या बायांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मगच त्या हसल्या.

ती माणसं आता शहरात नाहीत. पाटी कधीच बंद पडली. नवार दवाखान्यात काम करते आणि मी हनानच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकते. पट्टे विटलेत, कोपऱ्यातला कापूस गोळा झालाय. तरी दाराशी गाडी करकचून थांबली की मी आत्ताही आकसते.

परवा त्याच पायाळू पोरीनं, रनीमनं, खेळता खेळता मला काढलं आणि फरशीवर ठेवलं.

"खाली नको!" हनान किंचाळली. हातातली परात सुटून खणखणत पडली.

रनीम घाबरली. तिनं मला चटकन उचललं, चुंबलं, कपाळाला लावलं. मग दोरी सोडून आत डोकावली.

"पण आई, यात तर काहीच नाही."

हनाननं मला तिच्या हातातून घेतलं. दोरी पुन्हा बांधली. मग ती म्हणाली, "यात तू होतीस."

तुम्हीही, बाबांनो, मला कुठंही ठेवा. फक्त जमिनीवर नको.