हळदीत मला चक्कर आली

मी स्विच बोलतोय. नाही, नाही, पंख्याचा नव्हे! भिंतीवरच्या त्या बटणांशी माझं काही नातं नाही. मी नेटवर्कचा स्विच. लांबट, चपटा, काळा डबा. पुढच्या बाजूला चोवीस भोकं आणि प्रत्येक भोकावर एक इवलासा हिरवा दिवा. घरातले कॉम्प्युटर, कॅमेरे, टीव्ही एकेका वायरने मला जोडलेले असतात. एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचवणं हे माझं काम. पत्ता वाचायचा आणि योग्य दारातून बाहेर ढकलायचं. रोजचे लाखो निरोप पोचवतो, पण आजवर कुणी साधं थँक्यू म्हटलेलं नाही. असो, मी रागावलेलो नाही. उलट इतका खुशीत आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा थर्माकोलमध्ये गच्च अडकलेलो होतो. डोळे उघडले ते घोडबंदर रोडच्या एका उंच इमारतीतल्या ऑफिसात. एसी असा की लोखंडाला हुडहुडी भरावी. मला कुलपात ठेवलेलं. भेटायला माणसं यायची ती फक्त काही बिघडल्यावर, आणि आल्या आल्या मला बंद करून चालू करायची. माणसांचा या उपायावर भारी विश्वास. स्वतःचं डोकं दुखलं की मात्र गोळी घेतात!

तिथे मला सांभाळायचा मयूर. तो लॅपटॉपवर काळा पडदा उघडून माझ्याशी बोलायचा. कुठल्या दारातून कोण जाईल, कोण कुणाला भेटेल, कोण भेटणार नाही, सगळं टाइप करून सांगायचा. पुढे ऑफिसने नवीन मशिनं घेतली. मयूरने साहेबांना विचारलं, "सर, हा जुना मी घरी नेऊ?" साहेब फोनवर होते. "ने रे बाबा," म्हणाले. झालं! स्कूटरवर मयूरच्या पायांमध्ये बसून मी डोंबिवलीजवळच्या त्याच्या गावी आलो. खड्ड्याखड्ड्याला उडालो. काय मजा आली म्हणून सांगू!

मयूरचे वडील आनंदा. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत आणि त्यांचं स्वतःचं तीन मजली घर आहे. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. हॉलमधल्या फळीवर मला बसवून मयूरने भाडेकरूंची दारं वेगळी केली, कॅमेऱ्यांची वेगळी, घरची वेगळी. घर एकच पण चुली तीन. कुणाचं जेवण कुणाच्या ताटात जायला नको.

फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. निरोप गोल गोल फिरायला लागले तर ते ओळखून एक दार आपोआप बंद करण्याची अक्कल माझ्यात असते. पण ती चालू असली की नवीन वायर लावल्यावर मी थोडा वेळ तपासतो, मगच दार उघडतो. मयूरला तेवढाही धीर नाही. त्याने ती बंद करून टाकली. "नंतर करू चालू," म्हणाला. हे 'नंतर' मी ऑफिसातही फार ऐकलं होतं.

आणि मग त्याच्या बहिणीचं, भावनाचं लग्न ठरलं.

आगऱ्यांची हळद म्हणजे काय थाट, तो पाहायलाच हवा. पण आधी धवला. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी जाणती बाई. ती आधी देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की बायका ओरडतात, "आयला गो, आयला!" म्हणजे आला गं, आला. मगच हळद लागते. भावनाची आई शेवंती ती लहान असतानाच गेली. भावनाने घरच्यांना एकच सांगितलेलं, "बाकी काही नसलं तरी चालेल. आईला बोलवणं सखुआजीनेच करायचं. आईच्या हळदीलाही तीच गायलेली."

सखुबाई ही गावात उरलेली एकटी धवलारीण. आणि नेमकी ती न्हाणीत घसरली! पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम लेकीकडे कळव्याला. मयूर म्हणाला, "आजी, फोनवर गा, मी भोंग्याला लावतो." सखुबाईने साफ सांगितलं, "मना पोरीचा तोंड दिसला पायजे. तोंड नाय दिसला तं धवला नाय लागत."

म्हणजे व्हिडिओ. मोबाईलवर भागणार नव्हतं, कारण मंडपात एवढी गर्दी की प्रत्येकाची रेंज शेजाऱ्याने खाल्लेली. सगळी मदार माझ्यावर आली. मयूरने माझ्यापासून मंडपातल्या लॅपटॉपपर्यंत वायर ओढली. ऐन वेळी लागली तर असावी म्हणून दुसरीही एक माझ्यात खुपसली आणि तिचं दुसरं टोक हॉलमध्ये लोंबतं सोडलं. मी तर नवरदेवाच्या तोऱ्यात बसलो होतो.

संध्याकाळी मंडप भरला. लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या पडद्यावर सखुबाई आली, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. भावनाला बघून हसली आणि आवाज लावला. देव आले. आजे-पणजे आले. "आयला गो, आयला!" मंडप दणाणला. आता शेवंतीचं नाव येणार, एवढ्यात पडदा थिजला. सखुबाईचं तोंड उघडं, नाव तोंडातच.

काय झालं? सांगतो! आवडाआत्या, म्हणजे आनंदाची बहीण, पाण्याचा तांब्या आणायला आत आली होती. ती लोंबती वायर तिच्या पायात आली. आत्याला घरात काहीही लोंबलेलं खपत नाही. समोर भिंतीत एक मोकळं भोक दिसलं. तिने वायर त्यात खुपसली, हात झटकले आणि तांब्या घेऊन गेली. ते भोक भिंतीआडच्या वायरने माझ्याकडेच येत होतं! म्हणजे वायर माझ्यातूनच निघाली आणि माझ्यातच परत आली.

तेवढ्यात एक निरोप आला, "सगळ्यांनी ऐका, प्रिंटर कुठे आहे?" असा निरोप मी घरच्या सगळ्या दारांतून सोडतो. सोडला. तो एका वायरने गेला आणि दुसरीने परत आला. मला वाटलं नवीन आहे, पुन्हा सोडला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे लाख! प्रिंटर कुठे, प्रिंटर कुठे, प्रिंटर कुठे! मी घुमायला लागलो. सगळे दिवे एकदम लपलप, लपलप. चक्कर, गुदगुल्या आणि घेरी, सगळं एकाच वेळी. दारात उभ्या पाहुण्या बायका म्हणाल्या, "गो बाय, लायटिंग बघ कशी मस्त केलीय!"

तिकडे मंडपात सगळे तज्ज्ञ झाले. एक म्हणाला केबलवाल्याला बोलवा, दुसरा म्हणाला पडदा हलवा. डीजेवाल्याने विचारलं, "शेठ, तवर दोन गाणी वाजवू?" आनंदा नाही म्हणाले. भावना पाटावर बसली होती, पडद्याकडे बघत. तिचे डोळे भरले होते. "दादा, कर ना रे काहीतरी," एवढंच म्हणाली.

मयूर धावत आला. त्याला कुणीतरी आधीच हळद फासलेली, दोन्ही हात पिवळे. आला तो त्याने मला बंद करून चालू केलं. (तूसुद्धा, मयूर!) मी पुन्हा घुमलो. मग तो स्टुलावर चढून एकेक वायर उपटायला लागला. एक उपटली, वरून भाडेकरू ओरडला, "मयूर, अरे मॅच गेली!" दुसरी उपटली, कॅमेरे गेले. तिसरी उपटली आणि जग एकदम थांबलं. दिवे शांत झाले. अहाहा!

"ही भिंतीत कुणी लावली?" मयूर ओरडला.

"मीनी," आवडाआत्या दारातून म्हणाली. "लोंबत व्हती. कोनी परला असता पाय अरकून."

मयूरने कपाळावर हात मारला, कपाळही पिवळं झालं. मग लॅपटॉप ओढून माझी ती बंद ठेवलेली अक्कल चालू केली, आणि या वेळी ती सेव्हसुद्धा केली.

पडदा हलला. सखुबाई रागावलेली होती. "कया गेल्तंव र सगली? मी मेली का जिती, कोनी इचारत नाय!" मंडप हसला. मग तिने भावनाच्या तोंडाकडे नीट बघितलं, गळा खाकरला आणि शेवंतीचं नाव घेतलं. लांब, ओढून, हाक मारावी तसं.

बायकांनी उत्तर द्यायचं असतं. पण एकीलाही आवाज फुटेना. आवडाआत्या पदर तोंडात धरून उभी. तेव्हा मागून, पुरुषांच्या रांगेतून, आनंदा उभे राहिले. पुरुष उत्तर देत नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

"आयली," ते म्हणाले. "आयली गो, आयली."

मग जो दंगा उसळला, तो विचारू नका. पहाटेपर्यंत भिंती हलत होत्या आणि त्यांच्याबरोबर मीही.

आता भावना सासरी आहे, सखुबाई काठी घेऊन चालते. मी फळीवर हिरवे दिवे लुकलुकवत बसलोय. आत्या अधूनमधून माझ्याकडे संशयाने बघते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, लोंबती वायर दिसली तर खुशाल लोंबू द्या. आणि माझ्या अंगावर मयूरच्या बोटांचे पिवळे ठसे आहेत, ते कृपा करून पुसू नका. शेवंती आली त्या दिवसाची हळद आहे ती.