पाठीमागचं ऊन

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अपघात झाला तेव्हा बारकूला बेकरीच्या गाडीवर लागून तिसराच आठवडा होता. चूक कोणाची यावर फारसा खल झाला नाही. पायी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्याच्या गाडीने पाडलं, घोट्यावरून चाक गेलं. बघ्यांमधलं कोणीतरी म्हणालं, "डोळ्यांवर ऊन आलं असेल हो बिचाऱ्याच्या." बारकूने नुसती मान हलवली आणि पोलिसाने तेच लिहून घेतलं. दंड झाला, लायसन्स सहा महिने जमा झालं. बेकरीने दुसऱ्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला.

खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. वळण संपल्यावर तिसरा गिअर टाकायचा होता, तो सापडेना, म्हणून त्याने मान खाली घालून दांड्याकडे पाहिलं होतं. पहिल्यांदा गाडी शिकणारे पाहतात तसं. ऊन म्हटलं की लोक नशिबाला बोल लावतात. गिअर बघत होतो म्हटलं असतं, तर जन्मात कोणी किल्ली हातात दिली नसती.

किल्ली तशीही कोणी देईना. लायसन्स परत मिळाल्यावर तो औषधांच्या गोदामात गेला.

"अपघात वगैरे?" मॅनेजरने विचारलं.

"एक झालाय साहेब. डोळ्यांवर ऊन..."

"ऊन आमच्याकडेही पडतं," मॅनेजर म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

टॅक्सीवाल्याने तर तोंडावर हिशेब मांडला. "पहिल्याच महिन्यात एक. म्हणजे वर्षाला बारा. मला नाही परवडायचं, भाऊ." कुरियरवाल्यांनी ट्रायल घेतली, छान चालवता म्हणाले, आणि नंतर फोन उचलायचाच बंद केला.

घर बायकोच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. मेहुणा येता-जाता टोमणे मारी. "काय उन्हाळे भाऊजी, आज ढग आलेत. निघा की कामावर!" बायको भावावर डोळे वटारायची, पण तो गेल्यावर भांडी तीच आपटायची.

अशात एके दुपारी फोन आला. बाईचा आवाज होता, थकलेला.

"गाडीवर माणूस हवाय आम्हाला. तुमचा अपघात माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? तुम्ही पाडलंत तो माझा भाऊ."

बायकोने ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. "जाऊ नका हो. गोड बोलून बोलावतील आणि हाडं खिळखिळी करतील."

"हाडंच मोडायची असती तर पगार कशाला ठरवला असता?"

"तेच तर कळत नाही ना मला!"

दुकान खिळे, बिजागऱ्या, कुलपं, रंगाचे डबे असल्या मालाचं होतं. आत टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. बहीण काट्यावर खिळे तोलत होती. तिने काम समजावून सांगितलं. सकाळी दादाला घरून आणायचं, पाचला परत सोडायचं, कारण त्यापुढे पाय सुजतो. मधल्या वेळात मालाच्या फेऱ्या मारायच्या.

"ताई, पण मीच का?"

तिने काट्यावरचा एक खिळा काढला, पुन्हा टाकला. "त्याने सांगितलं म्हणून. मी नको म्हणत होते."

"पण का सांगितलं?"

"मला सांगितलं असतं तर मीही निर्धास्त झोपले असते," ती म्हणाली.

मालक, म्हणजे ताईंचा दादा, पन्नाशीचा, आडव्या अंगाचा आणि हळू बोलणारा माणूस होता. काठी टेकत तो आला आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर डाव्या कडेला बसला. तिथून आरशात ड्रायव्हरचा चेहरा नीट दिसतो. त्याने शिवी दिली नाही, पाय दाखवला नाही, अपघाताचं नावही काढलं नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बारकूच्या जिवाला बरं वाटलं असतं.

घरी जायला दोन रस्ते होते. जवळचा शीतगृहाच्या वळणावरून जायचा, जिथे अपघात झाला होता. लांबचा कालव्याच्या कडेने. आभाळ त्या दिवसांत भरलेलं असायचं. रोज पाचला मालक दुकानाच्या पायरीवर येई, मान वर करून बघे आणि म्हणे, "आज नको. कालव्याने घे."

काय नको, ते बारकूने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सकाळी डोळे उघडले की तो आधी खिडकीशी जायचा. ढग दिसले की छातीवरचा दगड उतरायचा. बायकोला वाटे, नवऱ्याला पावसाची काळजी लागलीय.

पगार झाला तशी घरातली भांडी शांत झाली. मेहुणा 'उन्हाळे' विसरला आणि नुसतं 'भाऊजी' म्हणू लागला. एका रविवारी तर बायको शिवताना गुणगुणत होती. आता हे सगळं त्या माणसाच्या हातात होतं, आणि त्याला काय हवंय ते कोणालाच माहीत नव्हतं.

हात आता गिअरला सरावला होता. तरी आरशातले डोळे आठवले की नजर नकळत खाली जायची. ती वर यायची तेव्हा आरशातले डोळे तिची वाट बघत असायचे.

मग एके दिवशी आभाळ लख्ख उघडलं. पाचला मालक पायरीवर आला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"आज त्या रस्त्याने."

बारकूने गाडी काढली. बाजार मागे पडला. शीतगृहाची पांढरी भिंत आली, वळण आलं. वळण संपलं आणि गाडीची सावली पुढे रस्त्यावर लांबच लांब पसरली. ऊन मागच्या काचेतून आत येत होतं. समोर सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती.

"दिसतंय का रे?" मागून आवाज आला.

"दिसतंय."

"काय काय?"

"सगळंच दिसतंय, मालक."

"बाजूला घे."

इंजिन बंद झालं. मालकाने काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. मग म्हणाला, "सहा महिने खाटेवर होतो. एकच गोष्ट डोक्यात फिरायची, ऊन कुठल्या बाजूला होतं. घरचे म्हणायचे, तुझंच लक्ष नसेल, तू असाच घुसतोस रस्त्यात. बहीणसुद्धा म्हणाली. मला काही म्हणजे काही आठवत नाही. तुला आठवत असेल. काय बघत होतास?"

खोटं बोलायला दुसरं काही सुचेना. सुचलं असतं तर बारकू बोललाही असता.

"गिअर," तो म्हणाला. "तिसरा सापडत नव्हता. खाली बघितलं."

"आणि मी?"

"मान वर केली तेव्हा तुम्ही हात वर केला होता. मला थांबवायला."

"म्हणजे मी बघितलं होतं."

"हो."

मालकाने सोडलेला श्वास बारकूला मानेवर जाणवला. आता किल्ली मागेल, नाहीतर कानाखाली वाजवेल, अशी त्याने मनाची तयारी केली. पण मागचं दार उघडलं. मालक काठी टेकत उतरला आणि खिडकीशी आला.

"वळणापर्यंत मागे जा. तिथून त्या दिवशी आलास तसा ये. मी उभा राहतो. तिसरा टाकायचा, खाली बघायचं नाही."

"मालक, पाया पडतो, हे नको."

"पाय एकच धड उरलाय. त्याला हात लावू नकोस." तो हसला. त्याला हसताना बारकूने पहिल्यांदाच पाहिलं, आणि पुन्हा पाहायची इच्छा त्याला झाली नाही. "रस्ता मोकळा झाला की ये."

वळणाशी गाडी फिरवल्यावर बारकूच्या मनात आलं, किल्ली इथेच टाकावी आणि चालू लागावं. पण मग तो माणूस रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिला असता, आणि मागून येणारी दुसरी गाडी थांबलीच असती असं नाही. शिवाय घरी काय सांगायचं? त्याने क्लच सोडला. पहिला, मग दुसरा. वेग वाढला, इंजिन ओरडू लागलं, हात दांड्यावर होता. नजर समोरच्या माणसावरून हलली नाही. माणूसही हलला नाही. त्याने फक्त हात वर केला.

बारकूने दोन्ही पायांनी क्लच आणि ब्रेक दाबले. गाडी हिसका खाऊन थांबली. मधे जेमतेम काठी मावेल एवढी जागा उरली होती.

मालक बोनेटला धरून आला आणि या खेपेला पुढे, त्याच्या शेजारी बसला.

"तिसरा टाकला नाहीस."

"धीर झाला नाही."

"उद्या टाक," तो म्हणाला आणि त्याने नीट पट्टा लावला.

संध्याकाळी बारकू जेवायला बसणार तोच ताईंचा फोन आला. "आज काय झालं हो? दादा पोटभर जेवला. कित्येक महिन्यांनी असा जेवला. शीळ घालत बसलाय." मग आवाज उतरला. "उद्या ऊन आहे तोवर निघू म्हणतोय. तुम्ही त्याला कुठे घेऊन जाता?"

बायको ताट वाढून बघत होती. मेहुणाही आला होता आणि भाऊजींसाठी थांबला होता.

"नेहमीच्याच रस्त्याने," बारकू म्हणाला.

"मग येणार ना उद्या?"

"येतो, ताई."