बिनमिठाचा पाला

डॉक्टर मुकारो माणसांचे डॉक्टर नव्हते, पाल्याचे होते. मारोंडेराच्या ज्या शेतावर मी मजुरी करते, तिथून ब्रोकोलीचे गड्डे विमानानं परदेशी जातात आणि पाला मागे राहतो, ढिगानं. तो वाळवून त्यातलं औषधी सत्त्व काढायचं, असं त्यांनी मालकाच्या डोक्यात भरवलं. त्यासाठी हरारेहून गरम वारा सोडणारं एक कपाट आलं. पाला वाळवायला कपाट लागतं, ही अक्कल शिकल्याशिवाय येत नाही.

मी पाला वाळवते तो आईच्या हाताखाली शिकून. भोपळ्याचा, चवळीचा. मिठाच्या पाण्यात एक उकळी द्यायची, निथळून सावलीत पसरायचा, की झाला मुफुश्वा. पुढच्या पावसापर्यंत घरदार खातं. कच्चाच वाळवणारी बाई आमच्यात आळशी ठरते, आणि तिच्या माहेराचा उद्धार होतो तो वेगळाच.

कपाटावर मी माझ्या भावजयीला, सेकाईला, लावून दिलं होतं. माझा भाऊ कामचुकार, घर तिच्याच हातावर चालायचं. खरेदीदाराकडे जाणारा नमुना पास झाला तर तिला कायमचं काम मिळणार होतं. नापास झाला तर कपाट परत आणि ती घरी.

"गार पाण्यात धुवायचा आणि आत ठेवायचा. बाकी काही करायचं नाही," डॉक्टर तिला रोज बजावायचे.

"आणि मीठ?" एकदा मी विचारलं.

"माई चेनाई, हे जेवण नाही."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं.

नमुन्याचा पाला वाळवायचा त्या दिवशी डॉक्टर हरारेला गेलेले. मी टोपली पाहिली. कच्चा, उग्र वासाचा पाला. हा आमच्या हातचा म्हणून जगात फिरणार? मी पातेलं चढवलं, दोन मुठी मीठ टाकलं.

"तेते..." सेकाई एवढंच म्हणाली. नवऱ्याच्या बहिणीला आमच्याकडे तेते म्हणतात.

"तेते-तेते काय करतेस? झारा दे."

तिनं दिला. उकळीचं हिरवं पाणी मी डुकरांना घातलं. निथळलेला पाला कपाटात गेला आणि असा हिरवागार वाळला की डॉक्टर परतल्यावर हरखले. "बघा माई, यंत्राची करामत." अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी खरेदीदाराच्या प्रयोगशाळेचा कागद आला. डॉक्टरांनी तो सगळ्यांसमोर वाचला. सत्त्व जवळजवळ नाहीच, मीठ मात्र भरपूर.

"उकळलं की सगळं पाण्यात उतरतं," ते म्हणाले. "कुणी उकळला?"

"मी," मी ताठ मानेनं सांगितलं.

"पाण्याचं काय केलंत?"

"डुकरांना घातलं."

"मग डुकरं यंदा आजारी पडायची नाहीत," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्या माणसाला मी वर्षभर मूर्ख म्हणत आले होते.

मला कुणी काढलं नाही. गड्डे कापायला माझ्याइतका चपळ हात तिथं दुसरा नाही. कपाट ट्रकवर चढलं आणि सेकाईचं काम गेलं.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेले.

"तुला ठाऊक होतं ना? मग अडवलं का नाहीस मला?"

आमच्यात भावजय तेतेशी गुडघे टेकून बोलते. ती उभीच राहिली.

"तेतेला अडवणारी भावजय तुम्ही घरात ठेवली असती?" तिनं विचारलं, आणि मला बस म्हणाली नाही.