वन्संचं बरोबर निघालं तेव्हा

तो ठिपका धुळीचा नव्हता. तिनं रुमालानं संगणकाचा पडदा पुसला, मग नखानं खरवडून पाहिलं — ठिपका जागचा हलेना. लाल ठिपका, आणि मागे त्याचे सगळे भाऊबंद, निळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले.

निळे म्हणजे जित्या दीर्घिका, जिथे अजून तारे जन्मतात. लाल म्हणजे विझलेल्या, जिथे पाळणा हलायचा कधीच थांबला. आलेखात जड मूलद्रव्यं जितकी जास्त तितका ठिपका वर, म्हणजे लाल ठिपके निळ्यांच्या वर चढायला हवे होते. अकरा वर्षं ती छातीठोक सांगत आली होती — दीर्घिका मरते ती उपासमारीनं. बाहेरून येणारा वायू आटतो, मग आहे त्यात भागवायचं, मेलेल्या ताऱ्यांची राख नव्या ताऱ्यांत कालवायची, आणि अशा ओढाताणीत शेवटच्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं साठत जातात... पण इथे साठलंच नव्हतं काही. सवडच मिळाली नव्हती. मधल्या कृष्णविवरानं सगळा वायू एका फटक्यात घराबाहेर काढला होता — वन्सं म्हणतात तस्साच.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आणि संस्थेत तिच्या शेजारच्या खोलीतली शास्त्रज्ञ. हे लग्न त्यांनीच जमवलं. “बाहेर भांडायला वेळ पुरत नाही, घरातच आणू या हिला.” नवरा बिचारा जेवताना दोघींच्या मध्ये बसायचा — उपासमार नको नि स्फोटही नको, मला भाजी वाढा... आणि ती परिषद, सातवा महिना होता, वन्संनी भरसभेत तिच्या भाषणाच्या चिंध्या केल्या, आणि खाली उतरताच स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “बैस आधी, पाय बघ केवढे सुजलेत!”

अकरा वर्षं पाण्यात गेल्याचं आता वाईट वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. वाटेना.

“काय गं वहिनी, मेल्या का तुझ्या उपाशी?” वन्सं दारात.

“बघा तुम्हीच. जिंकलात.”

वन्संनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ठिपके वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग म्हणाल्या, “छे! काहीतरी चुकलंय. एवढ्याशा नमुन्यावरून?”

“चारशे आहेत, वन्सं.”

“मग वर्णपट गढूळ असतील. अगं, वायू हळूहळू आटतो, तेव्हा...” आणि त्या उपासमार समजावून सांगू लागल्या — मुद्देसूद, तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं इतकी छान.

“अहो, हे माझं म्हणणं आहे!”

“मग सोडतेस कशाला इतक्या सहज?”

ती खडू घेऊन फळ्याशी गेली. कृष्णविवराची बाजू मांडायला शब्द शोधावेच लागले नाहीत. ऐकून ऐकून पाठ झाले होते, वन्संच्या ठसक्यासकट. मी हरले ना आज? मग आवाज का असा चढतोय... वन्सं हटायला तयार नव्हत्या, खडूची भुकटी उडत होती, आणि बोलता बोलताच तिच्या मनात आलं, आपलं अजून काय काय चुकलेलं असेल — घरातलं, माणसांतलं, आकाशातलं — आणि या विचाराची भीती काही केल्या वाटेना.