काचेच्या पेटीबाहेरचा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, आणि त्यातही डावा. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझे सगळे दुखणे या एका शब्दात आहे.

कानपूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तळव्याला बकऱ्याचे मऊ कातडे, पाठीला न जळणारे हिरवे कापड. माझा भाऊ उजवा त्याच कातड्यातून, त्याच कात्रीने कापलेला. दोऱ्याने आम्हाला एकमेकांना टाचले होते. तेव्हा आमच्यात काडीचाही फरक नव्हता.

फरक पडला तो नोएल साहेबांच्या हातांत गेल्यावर. नोएल साहेब वायुदलातले लढाऊ वैमानिक, अंधेरीच्या मरोळ गावठाणात वाढलेले. लहानपणी ते घराच्या पत्र्यावर चढून विमानतळावर उतरणारी विमाने बघत. त्यांची आई कॉन्सेप्टाबाई खालून बजावत, की पत्रा फुटला तर नवा काही त्या विमानातून पडणार नाही. पुढे तोच मुलगा खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेला, उडायला शिकला आणि एका इंजिनाच्या लढाऊ विमानात एकटा बसू लागला.

आमचा दिवस पहाटे सुरू होई. आधी हवामान ऐकायचे, मग विमानाभोवती फेरी मारून एकेक झाकण दाबून पाहायचे. दाबायचा उजवा. जमिनीवरचे तंत्रज्ञ सहदेव पट्टे आवळून खाली उतरले की सलाम करीत. उलट सलाम करायचा उजवा. विमानाचा दांडाही उजव्याच्याच मुठीत. तो जरा कलला की खालचे डोंगर कलत. माझ्या वाट्याला इंजिनाचा जोर कमीजास्त करायची मूठ. पुढे ढकल, मागे ओढ. गिरणीवाला पट्टा ओढतो तसे. जोराच्या वळणात साहेबांचे अंग शिसे भरल्यासारखे जड होई, मीही जड होई. पण उतरल्यावर लोक म्हणत, काय हात आहे! तो हात कोणता, हे मला विचारावे लागत नसे.

एका दुपारी डोंगराळ मुलखावर आमचे इंजिन बंद पडले. कानांत एकदम शांतता. मी मूठ मागे ओढली, इंजिन पुन्हा पेटवायचे बटण दाबले, मूठ पुढे केली. इंजिन पेटले नाही. पुन्हा केले, तरी नाही. जमीन वर येत होती आणि मी घामाने भिजलो होतो. आणि माझा भाऊ? तो दांड्यावर नुसता बसून होता. बोटसुद्धा हलवले नाही. शेवटी माझ्याच बटणाने इंजिन पेटले.

तळावर उतरल्यावर साहेब विमानाच्या शेपटीकडे गेले आणि तापलेल्या कडेवर त्यांनी मला टेकवले. माझा तळवा भाजून काळा पडला. तेवढ्यात वरिष्ठ आले, त्यांनी हात मिळवला. कोणता, ते तुम्हीच ओळखा. फोटोही त्याचाच निघाला.

साहेब निवृत्त होऊन मरोळला आले, तेव्हा त्यांचा भाऊ शेर्विन याने हौसेने काचेची पेटी करून आणली. उजव्याला त्याने मधोमध बसवले. मला उलटून पाहिले आणि म्हणाला, “हा कशाला? भाजलेल्या वांग्यासारखा दिसतोय.”

कॉन्सेप्टाबाईंनी मला उचलले. मे महिन्यात त्यांच्या अंगणात मिरच्या भाजून, कुटून, बाटल्यांत भरायचा वर्षाचा बॉटल मसाला होतो. भाजणीची तापलेली खापरी धरायला त्यांना चटका सोसणारा हातमोजा आयताच मिळाला. ढगांच्या वर फिरलेला मी मिरच्यांच्या धुरात ठसकू लागलो. दारातून पेटी दिसे. सकाळचे ऊन नेमके तिच्यावर पडे, पाहुणे नेमके तिथेच थांबत. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? त्याला बुरशी लागावी असे मला रोज वाटे.

साहेबांची मुलगी जेनेव्हिव्ह हीसुद्धा वायुदलात शिकायला गेली. यंदा ती सुट्टीवर आली ती तोंड उतरवूनच. हवेत इंजिन बंद पडल्यावर काय करायचे, या चाचणीत ती नापास झाली होती. आता एकच संधी उरली होती. ती हुकली तर लढाऊ विमान कायमचे सुटणार होते.

वैमानिकांची एक रीत आहे. डोळे मिटून खुर्चीवर बसायचे आणि हात हलवत सगळे उड्डाण मनातल्या मनात करायचे. साहेबांनी तिला पडवीत तसे बसवले. दांड्याच्या जागी गुडघ्यांत लाटणे. ते म्हणत, “इंजिन बंद.” ती लगेच लाटणे पोटाशी ओढी.

“मेलीस,” साहेब शांतपणे म्हणत.

“घरात असलं बोलू नको रे,” स्वयंपाकघरातून कॉन्सेप्टाबाई.

“डॅडी, विमान खाली चाललंय तर वर ओढावंसं वाटणारच ना,” जेनेव्हिव्ह रडकुंडीला येऊन म्हणाली.

साहेब उठले. त्यांनी पेटी उघडून उजव्याला काढला आणि आईकडून मला मागून घेतले. जेनेव्हिव्हने आम्हाला घातले. मी तेलातुपाने लोण्यासारखा मऊ झालो होतो. उजवा मात्र उन्हाने खडखडीत वाळला होता. तिने मूठ वळताच त्याच्या अंगठ्याची शिवण उसवली. ज्या क्षणाची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती, तो आला आणि मला काही गोड लागला नाही.

“माझं इंजिन बंद पडलं ना, तेव्हा डावा सारखा धडपडत होता,” साहेब म्हणाले. “ते सोपं असतं गं. भीती वाटली की हात काहीतरी करायलाच बघतो. कठीण काम उजव्याचं होतं. जमीन अंगावर येतेय आणि विमानाचं नाक खालीच ठेवायचं, दांडा ओढायचा नाही. ओढलं असतं तर वेग गेला असता. वेग गेला की इंजिनात वारा जात नाही. मग डाव्याने बटण मोडलं असतं तरी ते पेटलं नसतं.”

इतकी वर्षे मी त्याला आळशी म्हणत आलो होतो.

“इंजिन बंद,” साहेब म्हणाले. मी धडपडू लागलो, पण या वेळी माझे लक्ष भावाकडे होते. फाटक्या अंगठ्यानिशी तो लाटणे धरून होता. लाटणे हलले नाही.

सुट्टी संपवून ती गेली. काही दिवसांनी चाचणी झाल्यावर तिचा फोन आला. साहेबांनी एवढेच विचारले, की उजव्या हाताने काय केलं.

“काहीच नाही केलं, डॅडी.”

साहेब हसत सुटले. कॉन्सेप्टाबाई मात्र पास की नापास ते आधी सांग म्हणून त्यांच्या मागे लागल्या.

आता उजव्याची शिवण घातली आहे आणि कॉन्सेप्टाबाई त्याला रोज खोबरेल चोळतात. मला नाही चोळत, आणि ते मला खुपते. हेवा एका दिवसात जात नाही, मित्रांनो. पण तुमच्या घरी काचेत ठेवलेले कोणी असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, हाताळा, तेलपाणी करा. आणि शेजारी कोणी गप्प बसलेला दिसला, तर तो रिकामा बसला आहे असे माझ्यासारखे धरून चालू नका.