मला प्रश्न विचारणाऱ्या चंद्रभागाबाई

त्या रविवारी सकाळी चंद्रभागाबाई माझ्यासमोर जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. मध्येच त्यांनी छातीवर हात ठेवला. जळजळतंय, खांदाही भरून आलाय, असं म्हणाल्या. त्यांची लेक यशोदा उठली आणि पेल्यात पांढरी पूड ढवळून घेऊन आली.

"घे आई. पाच मिनिटांत आराम पडतो."

चंद्रभागाबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, पण त्या बोलल्या नाहीत. पूड प्यायल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

मित्रांनो, त्या पुडीची जाहिरात मी रोज दाखवत होतो. मी कृष्णधवल टीव्ही आहे, सरकत्या लाकडी दारांचा, आता बराच जुना. कारखान्यात माझ्या तारा जोडल्या तेव्हा मला पडदा मिळाला, आवाज मिळाला. पारख मात्र कोणी दिली नाही. वाहिनीवरून आलेल्या कुठल्याही गोष्टीला मी उलट विचारू शकत नाही. या खोलीतलं बोलणं मात्र मी ऐकतो, आणि ते माझ्या आठवणीत राहतं.

चौऱ्याऐंशी साली मी नाशिकला यशोदेच्या दोन खोल्यांत आलो. ती अंबडच्या एका कारखान्यात कारकून होती. गच्चीवर अँटेना उभा राहिला. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळाला. रविवारी शेजारपाजार लोटायचा. माझं बोलणं म्हणजे खरंच, अशी सगळ्यांची खात्री होती.

एकट्या चंद्रभागाबाईंची नव्हती. हरसूलच्या आठवडे बाजारात तूर, उडीद विकून त्यांनी लेकीला शिकवलं होतं. त्या बाजारात चार दाणे दाताखाली चावून पाहिल्याशिवाय कोणी माल घेत नसे. त्यांनी मलाही तसंच पारखायला घेतलं. केसांच्या तेलाची जाहिरात लागली की म्हणायच्या, "हिचे केस आधीपासूनच लांब हायेत. तेलानं काय केलं ते दाखव ना." दुष्काळाच्या बातमीत साहेबांची गाडी दिसली, तेव्हा विचारलं, "गाडी दिसली, साहेब दिसला. गावची माणसं कुठं हायेत?" शेजारच्या लताबाई हसायच्या, पण पुढच्या वेळी त्याही नीट बघायच्या.

एका रविवारी यशोदेच्या कचेरीतल्या बायका आल्या होत्या. पुडीची जाहिरात लागली. पांढरा डगला घातलेला माणूस हसत होता. चंद्रभागाबाईंनी विचारलं, "हा डागदर हाय, का नुसता डगला घातलाय? आणि दुखणं कुठलं ते न बघता औषध कसं सांगतो?"

बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "यशोदा, तुझ्या आईला टीव्हीवरच पाठव."

यशोदेचा चेहरा उतरला. "आई, पुरे," ती म्हणाली. "तुला त्यातलं कळत नाही."

"बरं बाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, आता मला सगळे मानतात. आज त्या वाटण्याची मला शरम वाटते.

वाल सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात कोसळल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं हृदयाचं होतं, कालच आणायला हवं होतं. चंद्रभागाबाई पुन्हा घरी आल्या नाहीत.

यशोदेनं माझी दारं लावून घेतली. चार महिने माझ्यावर धूळ बसली. लताबाईंनी एकदा मला विकून टाकायला सांगितलं. यशोदेनं मला विकलं नाही.

मित्रांनो, मी नेहमीच खोटं सांगतो असं नाही. पण कोण सांगतंय, कशासाठी, आणि काय दाखवायचं राहिलं, हे मला विचारत जा. मी उत्तर देणार नाही. तरी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी असं विचारत असेल, तर त्या माणसाला हसू नका.

मग एका दुपारी यशोदेनं दारं सरकवली. मला पुसलं, सुरू केलं. थोड्या वेळानं तोच पांढरा डगला आला, तेच हसू. ती खुर्ची सोडून जमिनीवर बसली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "तू बरोबर विचारत होतीस. मला ते तेव्हाही कळलं होतं. कचेरीतल्या बायका हसल्या आणि मला तुझी लाज वाटली."