बसता न येण्याचा शब्द

फाल्गुनातल्या दुपारी वारज्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ऊन तिरपे उतरायचे आणि त्या उन्हातून नजमाताईंची पावले जायची, यायची, पुन्हा जायची. चपलांचा फरफरता आवाज एका भिंतीपाशी विरतो न विरतो तोच दुसऱ्या भिंतीकडे निघालेला असे. चहाचा कप घेऊन त्या बसत आणि दोन घोटांआधीच उठत. उभ्या राहिल्या तरी भार या पायावरून त्या पायावर, जणू फरशीच तापलेली.

नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात ज्यांनी त्यांना पाहिले होते, त्यांना हे खरे वाटले नसते. तिथे त्या मुद्रितशोधक होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले. खिडकीच्या उजेडात एकदा बसल्या की निवळलेल्या पाण्यासारख्या निश्चल. हलायची ती फक्त लाल पेन्सिल.

पती गेल्यानंतर त्यांच्यावर उदासीचे मळभ आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मळभ थोडे विरलेही. आणि मग ही येरझार सुरू झाली. मुलगा सलीम हवालदिल झाला. "अम्मीची भीती वाढलीय," त्याने डॉक्टरांना सांगितले. गोळीची मात्रा वाढली, तशी येरझारही वाढली.

"मन नाही गं, पाय," त्या मला म्हणाल्या. "मन बसायला तयार आहे. अंग बसू देत नाही."

"ताई, जरा शांत बसा, बरं वाटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चालू लागल्या. त्या नजरेत राग नव्हता; अगदी एकटे पडलेल्या माणसाची ती नजर होती.

चैत्रात आम्ही त्यांना शनिवार पेठेतल्या दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई बराच वेळ ताईंची येरझार नुसती बघत राहिल्या. मग विचारले, "ही अस्वस्थता विचारांत आहे की पायांत?"

नजमाताई चालता चालता थबकल्या. "पायांत. चाललं की क्षणभर सुटते."

"याला अकॅथिसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ बसता न येणे. ही भीती नव्हे आणि वेड तर नव्हेच. काही औषधांनी मेंदूतलं हालचालींचं तंत्र बिघडतं, त्यातून हे होतं. आपण गोळी बदलू."

नजमाताईंचे डोळे भरून आले. तरीही त्यांनी विचारलेच, "'क'वर अर्धचंद्र ना?"

परतताना रिक्षात पाय हलवत त्या शब्द तोलत राहिल्या. "तळमळ मनाची, घालमेल जिवाची, चुळबूळ कंटाळलेल्या पोरांची. पायांसाठी आपल्याकडे शब्दच नव्हता, म्हणून कुणाला दिसलं नाही." थोडे थांबून म्हणाल्या, "आणि तू म्हणे, शांत बसा!"



येरझार एका दिवसात सरली नाही. ती हळूहळू ओसरत गेली, कधी उलटही फिरली. ज्येष्ठातल्या एका सकाळी मात्र त्यांनी एका बैठकीत अख्खे वर्तमानपत्र वाचले आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मला फोन करून सांगितल्या.

त्यानंतर काही वर्षांनी, गेल्या शिशिरात, हृदयविकाराने त्या गेल्या. सलीम म्हणतो, शेवटची वर्षे सुखाची झाली, आणि ते खरे आहे. काळ दुखणे नेतो, दुखणाऱ्यालाही नेतो; त्या माणसाने जे सांगितले आणि आपण ऐकले नाही, तेवढे मात्र काळ आपल्याच कानांशी ठेवून जातो.